याशोबीची तिसरी किल्ली

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती आणि एवोदियो इयेस्कास कामाला लागला होता. त्याचं काम बसण्याचं होतं. गावकचेरीच्या मागच्या खोलीत भिंतीला लागून एक बाक आहे. त्यावर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून, तो समोरच्या बाईच्या हातांकडे बघत होता. चेहऱ्याकडे नाही. चेहरा काय, कुणालाही हसरा करता येतो.

बाईचं नाव रेनाता कुएवास. वाहाका शहरातल्या एका ग्रंथालयानं तिला पाठवलं होतं. टेबलावर दोन दिवे, वर उलटा टांगलेला कॅमेरा, खाली काळं कापड. ती एक कागद उचलायची, मऊ ब्रशनं झटकायची, कापडावर पसरायची, शेजारी मोजपट्टी ठेवायची आणि खटका दाबायची. मग कागद उलटा, पुन्हा खटका. शेवटी संगणकावर ओळ लिहायची: कागद कशाचा, कधीचा, कुठं फाटलाय. तीन आठवडे हेच चाललं होतं आणि तीन आठवड्यांत एवोदियोला तिची एकही चूक सापडली नव्हती. त्यामुळे त्याचा संशय वाढला होता.

सान मातेओ याशोबी या गावाचं जुन्या कागदांचं दप्तर एका देवदारी पेटीत राहतं. पेटीला तीन कुलपं. एक किल्ली गावाच्या जमीन समितीच्या अध्यक्षाकडे, दुसरी 'सिंदिको'कडे, म्हणजे गावाचे खटले-भांडणं बघणाऱ्या कारभाऱ्याकडे. ही दोन्ही कामं बिनपगारी गावकीची. पाळी आली की करायची, संपली की पुढच्याच्या हवाली करायची. तिसरी किल्ली मात्र जन्माची. ती जुन्या माणसांपैकी एकाकडे असते आणि मरण्याआधी तो ती आपल्या पसंतीच्या माणसाच्या हातात देतो. तिघं हजर असल्याशिवाय पेटी उघडत नाही. उघडण्याआधी जमिनीवर मेस्कलचे, म्हणजे घायपाताच्या दारूचे, थेंब सांडायचे, पूर्वजांसाठी. उरलेलं तिघांनी प्यायचं. सकाळी सात वाजता.

अध्यक्ष क्रिसोफोरो किल्ली फिरवून, मेस्कल पिऊन आपल्या कॉफीच्या मळ्यात जायचा. सिंदिको एलादिया, गावात या कामावर बसलेली पहिली बाई, दुकान उघडायला जायची. एवोदियो मागे राहायचा.

"एवोदियो काका, तुम्ही कंटाळत कसे नाही?" एलादियानं एकदा विचारलं होतं.

"भट्टीसमोर चाळीस वर्षं बसलोय. पाव फुगताना बघण्यापेक्षा हे जलद आहे."

एवोदियो पाववाला. बुधवारी आणि शनिवारी त्याची भट्टी पेटते. अंड्याच्या बलकातला पिवळा पाव सगळं गाव त्याच्याकडून घेतं, लग्नाला आणि मयताला सुद्धा. सणावाराला तो गावाच्या बँडमध्ये बोंबार्दिनो वाजवतो. ते पोटाशी धरायचं जाडजूड पितळी वाद्य आहे, सूर धरून ठेवणारं, त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही असं. सहासष्टाव्या वर्षी त्याच्या छातीत दम होता आणि मान जरा वाकडी होती. किल्ली तो गळ्यात घालायचा, शर्टाच्या आत.

दोन वर्षांपूर्वी वादळात कचेरीचे पत्रे उडाले. पेटी भिजली नाही, पण पेटीत न मावणारे गठ्ठे कपाटात होते, त्यांचा लगदा झाला. वाळवायला घातलेले कागद पाठीला पाठ चिकटून पुठ्ठा झाले. त्यानंतर ग्रंथालयाचं पत्र आलं: दप्तराचे फोटो काढून देतो, कागद गावातच राहतील. चार ग्रामसभा झाल्या. शेवटी ठरलं की फोटोंच्या दोन डिस्क करायच्या. एक पेटीत, एक वाहाकाला कुलपात. गावाच्या पत्राशिवाय ती कुणी उघडायची नाही, अपवाद फक्त जमीन न्यायालयानं मागितली तर. हे शेवटचं कलम याशोबीनंच हट्टानं घातलं होतं, कारण खाली दरीपलीकडच्या सांता क्रूस लाचेगो गावाशी पाइनच्या जंगलाचा खटला चालू होता आणि मार्चमध्ये तारीख होती.

एवोदियोनं मत कोणाच्याच बाजूनं दिलं नाही. पण किल्ली फिरवली. फिरवली नसती तर सगळ्यांनी विचारलं असतं, का नाही?

आणि त्याचं उत्तर त्याला देता येण्यासारखं नव्हतं.

त्याच्या आजोबांच्या काळात राजधानीतला एक वकील गावात आला. सभ्य, टाय लावणारा, लहान मुलांना गोळ्या वाटणारा. गावाच्या सीमेचा नकाशा, राजाच्या काळातला, शिक्क्याचा, त्यानं पावती लिहून नेला. नकाशा नऊ वर्षांनी परत आला, एका पाद्रीच्या सामानातून. दरम्यान जंगलाची एक पट्टी लाचेगोकडे गेली होती. तेव्हाच्या तिसऱ्या किल्लीवाल्यानं शाळामास्तरांकडून नकाशाची हुबेहूब नक्कल करून घेतली, चुलीच्या धुरावर धरून तिला म्हातारी केली आणि पेटीत ठेवली. अस्सल पेटीबाहेर गेलं. ते कुठं आहे हे तिसऱ्या किल्लीवाल्यालाच माहीत असायचं. किल्लीबरोबर एवढं एकच वाक्य कानात सांगितलं जायचं. बाकीचे दोघं पाळीनं येणारे, पाळीनं जाणारे. त्यांना सांगून काय करायचं? त्यांच्या लेखी पेटीतला नकाशा अस्सलच होता.

तेव्हापासून बाहेरच्या माणसाला नक्कल दाखवायची, हा याशोबीचा न लिहिलेला कायदा. एवोदियो तोच पाळत होता. या बाईनं नकलेचा फोटो काढावा, हसावं, जावं. एवढंच त्याला हवं होतं.

तिच्याबद्दलच्या संशयाची यादी त्याच्या डोक्यात तयार होती. रोज संध्याकाळी ती टेकडीवर चढून फोन करते, कारण रेंज तिथंच येते. कुणाला करते? एलादिया म्हणाली आईला, मांजराबद्दल. रोज? मांजराबद्दल? दुसरं, निघताना तिची पिशवी उघडून बघायची असं करारात होतं, तर ती न सांगता स्वतःच उघडून टेबलावर पालथी करायची. चोर आधी स्वतःचा खिसा उलटा करून दाखवतो, असं एवोदियोची आई म्हणायची. तिसरं, गावच्या भाषेत तो आणि एलादिया तिच्याबद्दल काही बोलले की तिच्या ओठांचा कोपरा हलायचा. आपल्याला कळत नाही असं ती म्हणायची.

आणि चौथं.

"परवा तुम्ही लाचेगोला उतरला होतात," एवोदियो बाकावरून म्हणाला.

"गाडी थांबते ना तिथं. ड्रायव्हरला जेवायचं असतं."

"मग तुम्ही काय केलंत, इंजिनियर बाई?"

"मी इंजिनियर नाही, काका. कितीदा सांगू?"

"कॅमेरा चालवता म्हणजे इंजिनियरच. काय केलंत?"

"कॉफी प्यायले. पाव खाल्ला."

"कुणाकडचा?"

"चौकातल्या बाईकडचा. तीळ लावलेला, पिवळा."

रेनातानं दोन कागद उलटे केले.

"त्यात अंडं नसतं," तो शेवटी म्हणाला. "रंग असतो."

"चांगला होता."

"चांगलाच असणार. रंगाला काय लागतं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं फडक्यात बांधून आपला पाव आणला आणि टेबलाच्या कडेला ठेवला. रेनातानं तो लगेच उचलून बाहेरच्या खिडकीत ठेवला. "कागदांजवळ खाणं नको, काका. उंदीर यायला निमित्त होतं." ही गोष्ट एवोदियोनं तिच्या बाजूनं मोजली. मग वाटलं, आपण तिच्या बाजूनं मोजावी म्हणूनच तिनं केली असेल, आणि पुन्हा वजा केली. पाव तिनं दुपारी पायरीवर बसून अख्खा खाल्ला. ते मात्र त्यानं मोजलंच.

बुधवारी नकाशाची पाळी आली. नकाशा बाहेर काढताना तिघांनी हजर असावं असा रिवाज, म्हणून क्रिसोफोरो आणि एलादिया थांबले. मेस्कल दुसऱ्यांदा सांडलं. नकाशा काळ्या कापडावर पसरला: मधोमध चर्च, भोवती डोंगर आंब्याच्या कोयींसारखे ओळीनं काढलेले, निळी नदी, कडेला हद्दीच्या दगडांची नावं. खटका वाजला. एलादियानं छातीवर क्रूसाची खूण केली. क्रिसोफोरो म्हणाला, "मार्चमध्ये लाचेगोवाल्यांच्या नाकावर टिच्चून दाखवायचा," आणि दोघं आपापल्या कामाला गेले.

रेनातानं नकाशा पेटीत ठेवला नाही. टेबलावर एक चपटी, पांढऱ्या उजेडाची पाटी होती. ती लावून तिनं नकाशाचा एक कोपरा तिच्यावर धरला. मग दुसरा. मग ती नुसती उभी राहिली.

एवोदियोनं टोपी गुडघ्यावरून उचलून बाकावर ठेवली.

"काका, दार लावू का?"

"नको. उघडंच राहू दे."

ती त्याच्याजवळ आली आणि हळू आवाजात बोलली. "जुना हातकागद जाळीवर बनवायचे. उजेडावर धरला की जाळीच्या रेघा दिसतात. याच्यात नाहीत. हा गिरणीतला कागद आहे, शंभर वर्षांचासुद्धा नसेल. नक्कल सुरेख आहे. कुणीतरी जीव लावून केलीय. पण नक्कल आहे."

"तुम्ही म्हणाल ते."

"तुम्हाला आश्चर्य वाटलं नाही."

"माझ्या वयात कशाचंच वाटत नाही. नोंदीत काय लिहिणार?"

"नक्कल. विसाव्या शतकातली."

"ते कोण वाचणार?"

"तुम्ही परवानगी द्याल तोच. आणि न्यायालयानं मागितलं तर न्यायालय. ते कलम तुमचंच आहे."

एवोदियोच्या डोळ्यांसमोर मार्च महिना आला. लाचेगोचा वकील उभा राहतो, याशोबीचीच नोंद वाचून दाखवतो: यांच्याकडे अस्सल नाही, हे स्वतःच सांगतायत. तीन हजार कागद जपले आणि त्यातल्या एका ओळीनं जंगल गेलं.

"अस्सल असं लिहिलंत तर?"

"तर तो वकील हा कागद दिव्यावर धरेल, आणि मग तुमच्या बाकीच्या कागदांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही." तिनं पाटीचा उजेड बंद केला. "मी तुम्हाला काही विचारत नाही, काका. आठवड्याच्या नोंदींवर तुम्हा तिघांच्या सह्या शुक्रवारी होतात. तोवर ही ओळ मी कोरी ठेवते."

कोरी ठेवते. एवोदियो घरी जाताना हेच दोन शब्द चघळत गेला. अस्सल बाहेर काढायला लावायचं असेल, तर माणूस नेमकं हेच म्हणेल. धमकी नाही, घाई नाही, एक कोरी ओळ आणि शुक्रवार. टायवाल्या वकिलानं सुद्धा आजोबांवर कधी आवाज चढवला नव्हता.

बुधवार असल्यामुळे भट्टी सकाळीच पेटून गेली होती, पाव घरच्यांनी काढले होते, आता ती नुसती कोमट होती. त्याची बायको ओफेलिया अंगणात पीठ चाळत होती. एवोदियोनं शिडी लावली आणि भट्टीच्या घुमटावरच्या कोनाड्यातली एक वीट काढली. आत पत्र्याची नळी होती, बँडच्या सुरांचे कागद ठेवायची.

मामानं, आधीच्या किल्लीवाल्यानं, ही नळी चर्चमध्ये संताच्या मूर्तीमागच्या पोकळीत ठेवली होती. एवोदियोच्या हाती आली तेव्हा तिला बुरशीचा वास येत होता. सिएर्रातलं, या डोंगररांगेतलं, धुकं दगडातून सुद्धा झिरपतं. एवोदियोला गावातली एकच कायमची कोरडी जागा ठाऊक होती. भट्टीवर मिरच्या टिकतात, बियाणं टिकतं, बोंबार्दिनोच्या झडपांना गंज लागत नाही. त्याला आपल्या या हुशारीचा वीस वर्षं अभिमान वाटत आला होता. आत बघायची कधी गरज वाटली नव्हती. कागद कोरडा आहे, एवढं पुरे होतं.

त्यानं टोपण काढलं आणि दोन बोटांनी गुंडाळीची कड धरून ओढली. कड हातात आली. भाजलेल्या पावाच्या पापुद्र्यासारखी, त्याच आवाजानं. त्यानं पुन्हा हात लावला नाही. पण नुसती नळी सरळ करताना आत अजून काहीतरी मोडल्याचं त्याला ऐकू आलं.

ओफेलिया शिडीपाशी येऊन उभी होती. त्याच्या तळहातावरचे तपकिरी तुकडे तिनं बघितले. एकावर निळ्या रंगाची बारीक रेघ होती.

"हे कशाचं?"

त्यानं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच.

"म्हणजे वीस वर्षं," ओफेलिया म्हणाली, "आठवड्यातून दोनदा, तू पावाबरोबर गावाचा नकाशा भाजत होतास."

"कोरडी जागा म्हणून."

"मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं. भट्टीवर मी फडकं वाळत घालत नाही. तिसऱ्या महिन्यात फाटतं."

ती आत गेली आणि पाव झाकायचं धुतलेलं फडकं घेऊन आली. तुकडे त्यात ठेवताना ती म्हणाली, "आता कुणाला सांगणार आहेस?"

"कुणालाच सांगायचं नसतं. तीच तर अट आहे."

"छान. मग उरलेला तूच उलगड."

अस्सल त्याच्या हातात होतं आणि ते त्याला उघडता येत नव्हतं. उघडलं तर चुरा. न उघडलं तर शुक्रवारी ती ओळ नक्कल म्हणून भरली जाणार. त्याला ते उघडून देऊ शकणारं एकच माणूस गावात होतं, आणि त्याच माणसापासून ते वाचवायला तो तीन आठवडे बाकावर बसला होता.

गुरुवारी सात वाजता तिघं पेटीसमोर जमले. क्रिसोफोरोनं मेस्कलची बाटली उघडली.

"थांबा, कोंपाद्रे," एवोदियो म्हणाला. क्रिसोफोरोनं एवोदियोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर घेतलं होतं. त्या नात्यानं दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आणि 'तुम्ही' म्हणत. त्याआधी शाळेत त्यांनी एकमेकांचे दात पाडले होते. "आधी बोलायचंय. पेटीतला नकाशा नक्कल आहे. अस्सल इथं आहे." त्यानं फडक्यात गुंडाळलेली नळी पेटीच्या झाकणावर ठेवली आणि बाकीचं सांगितलं. भट्टीसकट.

रेनाता टेबलापाशी उभी होती. ती जागची हलली नाही.

एलादिया आधी बोलली. "म्हणजे वर्षभर मी एका नकलेची किल्ली उशाखाली घेऊन झोपतेय."

"पेटीत बाकीचे कागद खरेच आहेत."

"तुम्ही म्हणता म्हणून?"

क्रिसोफोरोनं बाटलीला बूच लावलं. "कोंपाद्रे, एक विचारतो. राग नका मानू. या नळीत अस्सलच आहे कशावरून?"

"मामानं दिली मला."

"मामांनी उघडून दाखवली होती?"

"नाही."

"तुम्ही उघडली?"

"काल. थोडी."

"म्हणजे नऊ वर्षं तो वकील घेऊन बसला होता, मग परत आलं ते काय आलं, कुणाला माहीत. मग मास्तरांनी एक नक्कल केली की दोन, कुणाला माहीत. मग तुम्ही वीस वर्षं घरी ठेवलंत. एकट्यानं." क्रिसोफोरो हे सगळं शांतपणे बोलला, कॉफीचा भाव सांगावा तसं. "आणि लाचेगोमध्ये तुमच्या थोरल्या मुलीचं सासर आहे."

एवोदियोचा हात शर्टावरून किल्लीकडे गेला. ती मुलगी म्हणजे क्रिसोफोरोनंच हातावर घेतलेली. तीन आठवडे त्यानं एका बाईच्या पावाचा हिशेब ठेवला होता. आता त्याच्या जावयाचा हिशेब निघाला होता, आणि हिशेबात चूक नव्हती.

"दिव्यावर धरा," तो म्हणाला.

"काय?"

"बाईंकडे उजेडाची पाटी आहे. अस्सल असेल तर कागदात रेघा दिसतात. नक्कल असेल तर दिसत नाहीत. बाई, सांगा यांना."

रेनातानं सांगितलं. तिघांनी पेटी उघडली, तिनं तिच्यातली एक जुनी पावती पाटीवर धरून रेघा दाखवल्या, मग नक्कल धरून न दिसणाऱ्या रेघा दाखवल्या. एलादियानं दोन्ही कागद स्वतःच्या हातानं पुन्हा धरले. मग फडक्यातल्या तुकड्यांकडे वळली.

"हे धरा की. आत्ताच कळेल."

"हे इतके लहान आहेत की रेघ दिसली तरी दोनच दिसतील, आणि तुमचं समाधान होणार नाही," रेनाता म्हणाली. "गुंडाळी उघडायला हवी. पण कोरडी उघडली तर उरणार नाही. आधी तिला दमट हवा द्यावी लागेल. बंद डब्यात, ओला टिपकागद खाली, जाळी मध्ये, गुंडाळी वर. पाणी लागू द्यायचं नाही, नुसती हवा. उद्या संध्याकाळपर्यंत."

"आणि तोवर डबा कुठं?" एलादियानं विचारलं.

"माझ्या टेबलावर."

"नाही," तिघं एकदम म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं.

शेवटी डबा पेटीतच ठेवला. पेटीतले गठ्ठे टेबलावर काढले, प्लास्टिकचा झाकणाचा डबा तळाशी बसवला, तिन्ही किल्ल्या फिरल्या. मेस्कल प्यायचं राहून गेलं होतं, ते मग प्यायले, एकमेकांकडे न बघता. त्या दिवशी क्रिसोफोरो मळ्यात गेला नाही. दुकानावर एलादियानं बहिणीला बसवलं. बाकावर तिघं बसले. एवोदियो मध्ये.

बघण्यासारखं काही नव्हतं. रेनाता टेबलावरचे कागद एकेक करून कॅमेऱ्यात टिपत होती, पण कुणाचं लक्ष तिच्या हातांकडे नव्हतं. तिघंही बंद पेटीकडे बघत होते आणि मधूनमधून एकमेकांच्या किल्ल्यांकडे. एवोदियोला वाटत होतं, ती बाई पाणी लागणार नाही म्हणते, पण दमट हवेनं रंग सुटला तर? मामाची बुरशी काय वाईट होती? की हेच तिला हवं होतं? मग त्याच्या लक्षात आलं की शेजारी बसलेली दोन माणसं त्याच्याबद्दल नेमकं हेच मनात म्हणत असणार.

"टेकडीवर कुणाला फोन करता हो तुम्ही?" दुपारी त्यानं रेनाताला विचारलं.

"आईला."

"मांजराबद्दल?"

"आई मांजराबद्दलच बोलते. मी ऐकते."

"आमची भाषा कळते तुम्हाला?"

"माझी आजी दुसऱ्या दरीतली. तिची बोली निराळी. तुमच्यातला एखादा शब्द कळतो. पाव कळतो."

एलादियानं मान वळवून एवोदियोकडे बघितलं. गेल्या आठवड्यात तो गावच्या भाषेत म्हणाला होता, या बाईचं तोंड कच्च्या पावासारखं आहे.

शुक्रवारी चारच्या सुमारास पेटी उघडली. गुंडाळी डब्यात जरा सैल होऊन बसली होती, झोपेत कूस बदलावी तशी. रेनातानं ती जाळीसकट उचलली आणि पांढऱ्या पाटीवर ठेवून, हाडाच्या एका चपट्या पट्टीनं एकेक बोट पुढे सरकवत उलगडू लागली. अर्ध्याहून कमी उलगडली आणि ती थांबली. "आज एवढंच. बाकीला अजून एक दिवस लागेल."

"उजेड लावा," क्रिसोफोरो म्हणाला.

उजेड लागला. कागद ठिकठिकाणी चिरलेला होता, कड करपट तपकिरी होती, एक डोंगर मधोमध तुटला होता. आणि सगळ्या कागदभर, डोंगरांच्या आणि नदीच्या मागून, बारीक समांतर रेघा गेल्या होत्या.

एलादिया इतकी वाकली की तिची वेणी रेनातानं हातानं मागे धरली. "रेघा आहेत," ती म्हणाली.

क्रिसोफोरोनं स्वतः बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. "आहेत," तो म्हणाला. एवोदियोकडे वळून मात्र काही म्हणाला नाही. मुलीच्या सासरबद्दलचा शब्द त्यानं मागे घेतला नाही, आणि एवोदियोनंही तो मागे घ्यायला सांगितलं नाही.

फडक्यातले तुकडे रेनातानं चिमट्यानं जागेवर लावून बघितले. बरेचसे बसले. पूर्वेकडच्या कडेचा एक तुकडा मात्र कशातच नव्हता. तो भट्टीच्या कोनाड्यात असेल किंवा राखेत. त्यावर हद्दीच्या एका दगडाचं नाव होतं. नकलेत ते नाव आहे, त्यामुळे गावाला ते माहीत आहे. न्यायालय नकलेतलं नाव मानेल की नाही, हे मार्चमध्ये कळेल.

मग रेनाता संगणकापाशी बसली आणि कोरी ओळ भरून तिनं वाचून दाखवली. "मूळ नकाशा, हातकागदावर. अठरावं शतक. कागद ठिसूळ, पूर्वेकडील कड अपूर्ण. दीर्घकाळ उष्णतेजवळ ठेवल्यामुळे हानी. सोबत विसाव्या शतकातली नक्कल."

"उष्णतेचं लिहायलाच हवं का?" एवोदियोनं विचारलं.

"पुढं जो कुणी याची डागडुजी करेल त्याला कळायला हवं. नाहीतर तो ओल लागल्याची औषधं करेल."

"भट्टी लिहिलं नाहीत."

"भट्टी लिहिली नाही."

"लिहायला हवी होती," एलादिया म्हणाली. पण सही तिनं केली. क्रिसोफोरोनं केली. एवोदियोनं शेवटी केली. त्याची सही मोठी असते, पावाच्या पाट्यावर कोरलेल्या नावासारखी. आज ती नेहमीपेक्षा लहान होती.

निघताना रेनातानं नेहमीसारखी पिशवी टेबलावर पालथी केली. कुणी बघितलं नाही. मग एलादिया एवोदियोला म्हणाली, "काका, तुमचं फडकं दाखवा," आणि त्यानं फडकं उलटं करून झटकून दाखवलं.

नकाशा यापुढे पेटीतच राहायचा, असं तिघांनी तिथंच ठरवलं. तिसरी किल्ली जन्माची आहे, ती त्याच्याकडेच राहिली. तिच्याबरोबर कानात सांगायचं वाक्य मात्र आता उरलं नव्हतं.

अर्धी उलगडलेली गुंडाळी पुन्हा डब्यात आणि डबा पेटीत गेला. उद्या शनिवार, भट्टीचा दिवस, त्यामुळे एवोदियो सात वाजता किल्ली फिरवून पाव काढायला घरी जाईल. अकरा वाजेपर्यंत बाकावर एलादिया बसेल.